सातबारा, तात्यांची पिशवी आणि मोबाईल

गावात मोठा माणूस कोण असं विचारलं तर लोक जमीन सांगतील, कारखान्याचे शेअर सांगतील, दारातली गाडी सांगतील. माझ्या मते आमच्या लहानपणी मोठा माणूस तोच, ज्याला कागदात काय लिहिलंय ते माहिती असायचं. बाकीच्यांनी त्याला विचारायचं. आणि विचारायचं म्हणजे नुसतं विचारून भागत नाही, त्याच्या वेळेला जायचं, बाहेर थांबायचं, चहा सांगायचा, तो हसला की हसायचं, आणि तो "बघू" म्हणाला की दोन आठवडे गप्प बसायचं.

ही फार जुनी गोष्ट आहे. आधी कुलकर्णी होता. गावाचा सगळा हिशोब त्याच्या दप्तरात आणि दप्तर मोडी लिपीत, म्हणजे शेतकऱ्याच्या समोर कागद धरला तरी त्याला काय कळणार, अंगठा कुठं करायचा तेवढं सांगितलं की झालं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले, ते लोकांना साधं नोकरभरतीचं प्रकरण वाटतं, पण ते गावाची माहिती एका घरातून काढून सरकारी खुर्चीवर ठेवायचं काम होतं, आणि म्हणून तर त्यावर एवढी बोंबाबोंब झाली. आमच्याकडे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात, कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं आणि मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं. मग तलाठी. गाव नमुना एक ते एकवीस, म्हणजे गावाच्या नोंदींचे ठरलेले तक्ते, सगळे त्याच्याकडे. त्यातला सात आणि बारा म्हणजे आपला सातबारा, जमीन कोणाची आणि तिच्यात पीक काय ते सांगणारा उतारा, सहा म्हणजे फेरफार, मालकी बदलल्याची नोंद, आठ-अ म्हणजे खातं. जात बदलली, खुर्ची आली, लिपी बाळबोध झाली, पण दप्तर एकाच माणसाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात हे काही बदललं नाही.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, पाऊस कमी असलेल्या पट्ट्यातलं. सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायचं म्हणजे उतारे लागायचे, आणि उतारा लागला की थोरले काका सकाळी धुतलेला शर्ट घालून निघायचे. भाऊसाहेबांकडे, म्हणजे तलाठ्याकडे, चार गावं, आमच्याकडे यायचा वार ठरलेला, पण त्या वारी ते येतीलच असं नाही. आले तर "दप्तर तालुक्याला गेलंय." हे वाक्य आमच्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या पोरांनी इतक्यांदा ऐकलंय की दप्तर हा कोणी फिरस्ता माणूस आहे असं वाटायचं. कोतवाल मग हळूच बाजूला घेऊन सांगायचा की संध्याकाळी घरी जा. घरी गेलं की दप्तर तिथंच असायचं. भाऊसाहेब सगळेच वाईट होते असं अजिबात नाही, एकानं तर आमच्या पोटखराब्याचं, म्हणजे पिकाला न येणाऱ्या जमिनीचं, चुकलेलं क्षेत्र स्वतःहून दुरुस्त करून दिलं होतं, पण चांगला असो वाईट असो, आपल्याच जमिनीवर आपलं नाव आहे का नाही हे बघायला दुसऱ्याच्या मूडवर थांबायचं, यातच सगळं आलं.

मग आधी तालुक्याला संगणकावरचा उतारा मिळायला लागला, त्यानंतर महाभूलेखची साईट आली, आणि १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला. आता पंधरा रुपये ऑनलाईन भरले की सहीचा उतारा घरबसल्या डाउनलोड होतो, आणि नुसता बघायचा असेल तर फुकट. विभाग निवडा, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाका, मोबाईल नंबर टाका, तो वेडावाकडा कॅप्चा टाका, आणि आला. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत, ते सगळे असे उघडे. सर्व्हर बंद असतो तेव्हा बंद असतो, ते सोडा.

पेपरात हे सगळं 'शेतकऱ्यांची सोय' म्हणून छापून आलं. सोय झालीच. पण गावात पहिल्या महिन्यात काय झालं ते मी बघितलंय, आणि त्याचा सोयीशी फार संबंध नव्हता. पोरं रात्री पारावर बसून दुसऱ्यांचे सातबारे बघत होती! स्वतःचा कोणाला बघायचाय, स्वतःचा माहिती असतो. नाव टाकून शोधता येतं म्हटल्यावर गावातल्या एकेका पुढाऱ्याचं नाव टाकायला लागली. निवडणुकीत तीन गाड्या फिरवणाऱ्या एका माणसाच्या इतर हक्काच्या रकान्यात बँकेच्या कर्जाचा एवढा बोजा निघाला की पोरं अर्धा तास हसत होती. दुसऱ्या एकाच्या नावावर, जो सगळीकडे "आपल्या ऐंशी एकरात" म्हणून बोलायचा, अठरा एकर निघाली. एकाच्या जमिनीवर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं होतं, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आणि त्याच जमिनीचे प्लॉट पाडून विकायची बोलणी चालू होती. ती बोलणी तिथंच थांबली. कोणी अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही, एका पोरानं स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली नुसता हात जोडलेला इमोजी.

इथं मला माहिती अधिकाराची तुलना करावीशी वाटते, कारण त्या कायद्यासाठी आमच्याच जिल्ह्यातून, राळेगणसिद्धीतून, अण्णा हजारेंची आंदोलनं झाली. महाराष्ट्राचा कायदा केंद्राच्या आधी आला, केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. फार मोठी गोष्ट होती ती आणि आहे. पण अर्जावर नाव लागतं. तुम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं की अमक्याच्या पोरानं माहिती मागितली, आणि मग तुमच्या वडिलांना कोणीतरी प्रेमानं विचारतं, "काय पाटील, पोराला नोकरी लागंना का?" हे झालं प्रेमातलं. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांच्या मागे लागले होते, जानेवारी २०१० मध्ये सकाळी घराबाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. मागणाऱ्याचा चेहरा दिसतो, हा त्या कायद्यातला धोका. साईटवर बघणाऱ्याचा चेहरा गावाला दिसत नाही. मोबाईल नंबर टाकावा लागतो, म्हणजे सरकारला दिसत असेल, पण समोरच्या आळीतल्या माणसाला दिसत नाही, आणि गावात भीती समोरच्या आळीतल्या माणसाचीच असते.

आता घरातलं सांगतो. मोठी माणसं फक्त चावडीवर नसतात, घरात पण असतात.

आमचे थोरले काका, तात्या. घरातला सगळा कागद त्यांच्या रेक्झिनच्या काळ्या पिशवीत. खरेदीखतं, पावत्या, सोसायटीचे दाखले, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, आणि आजीचा एक फोटो, तो त्यात का होता माहिती नाही. पिशवी त्यांच्या खोलीतल्या कपाटावर. दिवाळीला वडिलांना आणि आत्याला ज्वारीचं एकेक पोतं यायचं, तुरीची डाळ यायची, हिशोब कधी यायचा नाही. वडील पुण्यात नोकरीला, आत्या डोंबिवलीला. कोणी जमिनीबद्दल विचारलं की तात्या म्हणायचे, "कशाला पाहिजे तुला? मी हाये ना." आणि ते खरंच होते, आजारपणात, लग्नात, सगळ्यात होते, म्हणून पुढं कोणी विचारायचं नाही.

आत्यानं साईट बघितली ती तिच्या सोसायटीतल्या एका बाईनं दाखवली म्हणून. त्या बाईंनी स्वतःच्या माहेरचा उतारा काढला होता. आत्याला गट नंबर माहिती नव्हता, पण गाव आणि नाव टाकून शोधलं, आजोबांचं नाव टाकलं तर काही नाही, तात्यांचं टाकलं तर तीन गट आले. तिन्हींवर एकच नाव. तात्यांचं. वडिलांचं नाही, आत्याचं तर प्रश्नच नाही. तिनं मला फोन केला आणि शांतपणे विचारलं, "अरे, मी कुठंच नाहीये का?"

मी म्हटलं, आत्या, उताऱ्यावर नावाच्या शेजारी कंसात किंवा गोलात आकडे असतात ते वाच, ते फेरफार नंबर. आमच्या तालुक्याचे जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाईन आले होते, तेव्हा ते नंबर टाकून एकेक कागद काढला. आजोबा गेल्यावरचा फेरफार मिळाला. तिरक्या, सुंदर हस्ताक्षरात तात्यांचं नाव आणि त्याच्यापुढं 'ए.कु.मॅ.' ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन तात्यांची नाही, सगळ्यांची, तात्या फक्त बघणार. जुन्या काळी सातबारे ठराविक वर्षांनी नव्यानं लिहून काढायचे, तसं एकदा लिहिताना ती तीन अक्षरं गळाली. कोणी गाळली, मुद्दाम का नजरचुकीनं, ते कागदावरून कळत नाही आणि मी त्यावर बोलणार पण नाही. अशी ए.कु.मॅ. गळालेली घरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आणि मुलींचं म्हणाल तर महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आला, देशभर २००५ ला. कायदा आला, पण उतारा कोणी उघडून बघितल्याशिवाय कायदा काय करणार.

तात्यांना विचारलं तेव्हा ते चिडले, पण जमिनीवरून नाही. "तुम्हाला कोणी दाखवलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बराच वेळ ते तेवढंच विचारत होते. पिशवी तर कपाटावर आहे, कोणी हात लावला नाही, मग हे डोंबिवलीत बसून कसं काय वाचलं! मला त्या वेळेला त्यांची दया पण आली, कारण तीस-पस्तीस वर्षं घरातलं त्यांचं जे वजन होतं ते निम्मं त्या पिशवीचं होतं. जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज झाला, वारस नोंदीचं वेगळं, हेलपाटे झाले, वडिलांचं आणि आत्याचं नाव लागलं. मधल्या एका लग्नात तात्या आत्याशी बोलले नाहीत. ज्वारी मात्र त्या दिवाळीला पण आली.

पण या प्रकरणात एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. बघायला आम्हाला एक रात्र लागली, आणि बदलायला वर्षाच्या वर. नेटनं वाचायची ताकद सगळ्यांना दिली, लिहायची नाही. फेरफाराची नोंद तलाठीच घेणार, नोटीस काढणार, पंधरा दिवस हरकतीचे, मग सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, मंजूर करणार. पूर्वी ती नोटीस चावडीच्या फळ्यावर लागायची, आणि चावडीला कुलूप असायचं. आता ती 'आपली चावडी' म्हणून साईटवर दिसते, हे बरंय, निदान हरकत घ्यायची मुदत संपायच्या आत कळतं. तरी पेन अजून त्याच टेबलावर आहे. आणि टेबलामागच्या माणसाचं पण ऐकलं पाहिजे. ई-फेरफार, म्हणजे फेरफाराची नोंद संगणकावर घेणं, सुरू झालं तेव्हा आमच्याकडचे भाऊसाहेब लॅपटॉप घेऊन रात्री अकराला बसायचे, कारण दिवसा सर्व्हर हलायचा नाही. शिवाय अडीच कोटी उतारे हाताच्या लिखाणाशी ताडून बघायचे, गावोगाव चावडी वाचन घ्यायचं, म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवायचे, चुका दुरुस्त करायच्या, हे याच लोकांनी केलं. ज्यांची किल्ली जाणार होती त्यांच्याकडूनच कुलूप काढून घेतलं म्हणायचं.

लिहायचा अधिकार खरोखर एकाच रकान्यात खाली आला, पीक पाहणीत. नमुना बारा. पूर्वी पिकं कागदावर लावली जायची, म्हणजे मागच्या वर्षी ज्वारी होती म्हणून यंदा पण ज्वारी, रानात मग कांदा असो नाहीतर डाळिंब. विमा, अनुदान, सगळं त्या रकान्यावर, आणि रकाना झाडाखाली बसून भरलेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून ॲपमध्ये फोटो काढून पीक नोंदवायचं. माझ्या वडिलांनी रिटायर झाल्यावर पहिल्यांदा ते केलं, दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून डोक्यावर टॉवेल घेऊन मोबाईल त्याच्या आत, आणि बाहेरून मी सांगतोय 'खरीप निवडा, खरीप.' रेंज नव्हती. अपलोड व्हायला ओढ्याच्या पलीकडच्या टेकाडावर जावं लागलं. आता गावात दोन पोरं शंभर-दीडशे रुपयांत ज्याची त्याची पाहणी करून देतात, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते त्यांच्या मागे फिरतात. म्हणजे झालं काय, थांबायचं ते थांबायचंच, फक्त ज्याच्या दारात थांबायचं तो वयानं लहान झाला. पण ही पोरं दोन आहेत, उद्या चार होतील, भाऊसाहेब एकच होते. हा फरक छोटा नाही.

ग्रामपंचायतीचं पण थोडं सांगतो. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, पैसा थेट पंचायतीच्या खात्यावर यायला लागला, आणि २०२० ला ई-ग्रामस्वराजची साईट आली, तिच्यावर आपल्या गावाचा आराखडा, आलेला निधी, झालेला खर्च दिसतो. आमच्याकडे एका पोरानं त्यातली पेव्हिंग ब्लॉकची रक्कम ग्रुपवर टाकली आणि विचारलं, हे ब्लॉक बसवलेत कुठं? दहा मिनिटांत ग्रुपचं सेटिंग बदललं, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. ॲडमिन कोणाचा पुतण्या होता ते सांगायची गरज नाही. त्याच रात्री दुसरा ग्रुप निघाला. तो पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर निम्मं खोटं चालतं. अफवा, जुने व्हिडिओ, कोणाच्या तरी सुनेबद्दल काहीतरी. पेव्हिंग ब्लॉक मात्र पुढच्या महिन्यात बसले, शाळेपुढे.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आता काही झाकलेलं राहिलं नाही, तर तसं समजू नये. साईटवर जे आहे ते झालेल्या गोष्टींचे कागद आहेत. उद्याचा कागद अजून वरच्याच लोकांच्या हातात असतो. रस्ता कुठून जाणार, एमआयडीसी कोणत्या गटांवर पडणार, विकास आराखड्यात पिवळा रंग, म्हणजे घरांचा पट्टा, कुठं आणि हिरवा, म्हणजे शेतीचा, कुठं, हे ज्यांना आधी कळतं ते आधी जमिनी घेतात, आणि आता तर त्यांना गावात यायची पण गरज नाही, शहरातल्या ऑफिसात बसून उतारे उघडायचे, कोणावर बोजा आहे, कोणाची वाटणी झालेली नाही, कोण अडचणीत आहे हे बघायचं आणि नेमका त्यालाच फोन लावायचा. माझ्या एका चुलतभावाला असा फोन आला, समोरच्याला त्याचं क्षेत्र गुंठ्यात पाठ होतं, आणि कर्ज किती ते पण. उघडा सातबारा पारावरच्या पोराला पण दिसतो आणि एजंटला पण, फक्त एजंटला त्याचं काय करायचं ते जास्त माहिती असतं. तरीपण कोणी म्हणेल की म्हणून साईट बंद करा, तर मी भांडेन.

आणि गंमत म्हणजे मोडी परत आली. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यात जुनी दप्तरं उघडली, कोतवाल बुकं, गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाईटवर टाकली. आरक्षणाचं काय ते राजकारण बाजूला ठेवा, मला त्यातलं एवढंच सांगायचंय की पणजोबाचं नाव असलेलं पान प्रत्येकाच्या मोबाईलवर आलं आणि कोणालाच वाचता येईना. शंभर वर्षांनी परत तीच गत, कागद समोर आणि अक्षर कळेना. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

तात्यांचा नातू, वीस-एकवीस वर्षांचा, यूट्यूबवर बघून आणि शनिवार-रविवारच्या क्लासला जाऊन मोडी शिकतोय. मागच्या वेळी गेलो तेव्हा पडवीत बसून मोबाईलवर एक पान मोठं करून करून वाचत होता, 'वलद', म्हणजे अमक्याचा मुलगा, इथपर्यंत आला की अडायचा, पुढचं नाव लागायचं नाही. तात्या शेजारी चष्मा लावून बसलेले. आता त्यांना कानानं कमी येतं. मधेच ते त्याच्याकडे झुकले आणि म्हणाले, "आपल्या वाड्यामागच्या जागेचं कुठं लिहिलंय का बघ जरा." पोरगं हो म्हणालं. तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग आवाज बारीक करून, म्हणजे त्यांना वाटलं की बारीक केला, त्याला म्हणाले, "सापडलं तर आधी मला सांग."